खोली शेन्झेनला, घर गावाला

रायगड जिल्ह्यात सेझविरोधी आंदोलन जोरात होते त्या दिवसांत, म्हणजे २००६ ते २००८ च्या सुमारास, शेन्झेन हे नाव आपल्याकडे वारंवार कानावर पडत असे. सेझचे समर्थक ते दाखला म्हणून देत. हाँगकाँगच्या सीमेवरचे एक मच्छीमारांचे खेडे, सरकारने तिथे विशेष आर्थिक क्षेत्र काढले आणि पंचवीस-तीस वर्षांत महानगर उभे राहिले, अशी ती गोष्ट. पेण-उरणच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा प्रश्न लावून धरला आणि सप्टेंबर २००८ मध्ये २२ गावांत जनमत चाचणी घ्यायला लावली, हे वाचकांना आठवत असेल. पण ज्या शहराचा दाखला दिला जात होता तिथे कामाला आलेले लाखो लोक राहतात कुठे आणि त्या जागेविषयी त्यांना काय वाटते, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही विचारला नव्हता. पुढे हाती लागेल ते वाचत गेलो तेव्हा लक्षात आले की त्या शहराची खरी गोष्ट या प्रश्नातच आहे.

मला चिनी येत नाही. जे वाचले ते इंग्रजीतून. चिनी शब्दांचे उच्चार देवनागरीत जमतील तसे उतरवले आहेत. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आधी त्या खेड्याची गोष्ट. १९७९ मध्ये बाओआन परगण्याचे नामांतर होऊन शेन्झेन शहर झाले आणि २६ ऑगस्ट १९८० रोजी त्यातल्या ३२७.५ चौरस किलोमीटर पट्ट्याला विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्या वेळी परगण्यात तीन लाखांहून जास्त माणसे राहत होती, बाजारपेठा होत्या, शेकडो वर्षांची जुनी गावे होती. ज्वान दू या वास्तुरचनाकार अभ्यासक बाईंनी २०२० मध्ये शेन्झेनवर पुस्तक लिहिले, त्यात एकट्या मच्छीमार खेड्याची ही दंतकथा त्यांनी खोडून काढली आहे. हा तपशील किरकोळ नाही. गावे आधीपासून होती म्हणूनच पुढे आलेल्या लोकांना राहायला जागा मिळाली. २०२० च्या जनगणनेत शेन्झेनची लोकसंख्या १ कोटी ७५ लाखांवर गेली होती. यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांचीच नोंद त्या शहराचे नागरिक म्हणून आहे. उरलेले कुठल्या तरी दुसऱ्या ठिकाणचे.

ही नोंद म्हणजे हुकौ. १९५८ च्या कायद्याने चीनमधल्या प्रत्येक कुटुंबाची नोंद एका ठिकाणी बांधली गेली आणि रेशन, शाळा, दवाखाना, घर हे सगळे त्या ठिकाणाशी जोडले गेले. माणूस कामासाठी दुसरीकडे जाऊ शकतो, नोंद त्याच्याबरोबर जात नाही. आईवडिलांची नोंद खेड्यातली, म्हणून शेन्झेनमध्ये जन्मलेले मूलही कागदावर हूनान किंवा सिच्वानमधल्या एखाद्या गावचे. अशा माणसांसाठी १९८० च्या दशकात एक परवाना निघाला. त्याच्या नावातला ‘झान्झू’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. झान म्हणजे तात्पुरते, झू म्हणजे राहणे. सरकारी आकडेवारीतही ही माणसे ‘तात्पुरती लोकसंख्या’ म्हणूनच येत. वीस-वीस वर्षे राहिलेली माणसे, शहराच्या मूळ वस्तीच्या कितीतरी पट माणसे, आणि खाते तात्पुरत्यांचे.

शेन्झेनला सीमा एक नव्हती, दोन होत्या. दक्षिणेला शेन्झेन नदी, तिच्यापलीकडे १९९७ पर्यंत ब्रिटिशांचे हाँगकाँग. उत्तरेला सरकारने आपल्याच देशात दुसरे कुंपण घातले. ऐंशी-नव्वद किलोमीटरची ती तारेची रेषा, तिच्यावर चौक्या. तिला ‘दुसरी रेषा’ म्हणत. १९८६ पासून आर्थिक क्षेत्रात यायचे तर चिनी माणसालाही आपल्या गावच्या पोलिसांकडून वेगळा प्रवेशपरवाना आणावा लागे. त्यामुळे शहराचे ‘चौकीच्या आत’ आणि ‘चौकीच्या बाहेर’ असे दोन भाग पडले. आत कचेऱ्या आणि बँका, बाहेर कारखाने. बाहेरच्या भागात राहणारा माणूस आत जायला निघाला की ‘शेन्झेनला जातो’ म्हणत असे, जरी तो कागदोपत्री शेन्झेनमध्येच होता. २०१० मध्ये आर्थिक क्षेत्र पूर्ण शहरभर वाढवले गेले, आणि ही रेषा अधिकृतपणे रद्द झाली ती २०१८ च्या जानेवारीत.

आता राहण्याकडे येतो. चीनमध्ये शहरातली जमीन सरकारची आणि खेड्यातली जमीन त्या गावाच्या सामूहिक मालकीची. सरकारने शेन्झेनमध्ये गावांची शेते घेतली, पण गावठाणाला हात लावला नाही; गावकऱ्यांना हलवून नुकसानभरपाई देणे महागात पडले असते. शेती गेलेल्या गावकऱ्याच्या हातात घराचा एक तुकडा उरला, साधारण १०० चौरस मीटर पायाचा. त्याने त्यावर आधी दोन-तीन मजले बांधले, भाडेकरू ठेवले, मग पाडून सहा-सात-आठ मजले बांधले. सरकार अधूनमधून बांधकामावर मर्यादा घालणारे नियम काढी. नवा नियम येणार अशी कुणकुण लागली की तो लागू होण्याआधी रातोरात मजले चढत, म्हणजे प्रत्येक बंदीने बांधकाम वाढवलेच. १९९२ मध्ये आतल्या भागातली आणि २००४ मध्ये बाहेरच्या भागातली सगळी गावे कागदावर शहरात विलीन झाली. गावांच्या सामूहिक संस्थांच्या भागीदारी कंपन्या झाल्या, भातशेती करणारा भागधारक झाला. जागेवर मात्र गावे तशीच राहिली. त्यांच्याभोवती काचेचे मनोरे उठले.

अशी तीनशेहून जास्त गावे आहेत. त्यांच्या इमारतींना शेन्झेनचे लोक आजही ‘नोंगमिनफांग’ म्हणतात, म्हणजे शेतकऱ्याची घरे. आठ मजल्यांची, तळाला मोबाइल दुरुस्तीचे दुकान असलेली, तीस बिऱ्हाडे पोटात घेतलेली शेतकऱ्याची घरे! पाया ठरलेल्या मापाचा ठेवून दुसऱ्या मजल्यापासून बांधकाम चारी बाजूंनी बाहेर काढायचे ही तिथली रीत. त्यामुळे खाली दोन माणसे चालतील एवढी गल्ली असते आणि वर समोरासमोरच्या खिडक्या जवळजवळ टेकतात. अशा इमारतींना ‘हात मिळवणाऱ्या इमारती’ म्हणतात, कारण दोन घरांतली माणसे खिडकीतून हस्तांदोलन करू शकतील. त्याहून जवळ असतील तर ‘मुका घेणाऱ्या’. गल्लीतून वर पाहिले की दिसते त्याला नाव आहे ‘रेघभर आकाश’. मुंबईतल्या गावठाणांत आणि चाळींच्या घळींत ज्यांनी दिवस काढले त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आतली खोली दहा-पंधरा चौरस मीटरची. एका कोपऱ्यात ओटा, त्याला लागून मोरी आणि संडास एकातच. दिवसाही दिवा लावावा लागतो. कपडे खिडकीच्या जाळीला बाहेरून लटकवायचे, ते दमट हवेत वाळायला दोन दोन दिवस. एक महिन्याचे भाडे अनामत आणि एक महिन्याचे आगाऊ, एवढे दिले की किल्ली मिळते. वीज-पाण्याचा दर घरमालक ठरवील तो. पुष्कळदा मालक समोर नसतोच. त्याच्याकडून अख्खी इमारत भाड्याने घेऊन खोल्या पोटभाड्याने देणारा मधला माणूस असतो, त्याला ‘दुसरा घरमालक’ म्हणतात. शहरातली अर्ध्याच्या आसपास लोकवस्ती या गावांत राहत आली आहे. त्यांत कारखान्यातले कामगार आहेत तसेच नुकते पदवीधर झालेले अभियंते, भाजीविक्रेते, टॅक्सीवाले, न्हाव्याकडची पोरे, कचेरीतल्या मुली हेही आहेत.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की अशा ठिकाणी राहणारे लोक जागेवर नाराज असणार. सर्वेक्षणात चित्र तसे सरळ येत नाही. जागा लहान, उजेड नाही, आगीचे भय आहे, हे लोक मान्य करतात. आणि एकूण जागा कशी वाटते असे विचारले की मोठा भाग ‘चालते’, ‘ठीक आहे’ या बाजूला जातो. झिगांग ली आणि फुलोंग वू या अभ्यासकांनी बीजिंग, शांघाय आणि ग्वांगझौ येथील अशाच गावांतल्या रहिवाशांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. वस्ती गरीब आहे म्हणून तिथला माणूस असमाधानी असेलच असे नाही, शेजाराशी जुळलेले धागे आणि आपल्याला वगळले जाते ही भावना यांचा समाधानाशी संबंध मोठा आहे, असा त्याचा रोख आहे. त्याआधी २००२ मध्ये वेइपिंग वू यांनी बीजिंग-शांघायविषयी लिहिताना दाखवले होते की स्थलांतरित माणूस शहरातल्या जागेवर मुद्दामच कमी खर्च करतो.

या ‘ठीक आहे’चा अर्थ लावण्यात माझ्या मते सगळी गोम आहे. एक अर्थ असा लावला जातो की गरीबाच्या अपेक्षाच कमी असतात. दुसरा असा की बिचारे सवयीने सोसतात. मला दोन्ही पटत नाहीत. उत्तर देणारा माणूस त्या जागेला घराची मोजपट्टी लावतच नाही. चिनी भाषेत घराला ‘जिया’ म्हणतात. त्यात घर आणि कुटुंब दोन्ही आले. शेन्झेनमधल्या जागेला तो ‘चुझूवू’ म्हणतो, म्हणजे भाड्याची खोली. आपल्याला हा भेद कळायला शब्दकोश लागत नाही. गिरणगावात दहा बाय बाराच्या गाळ्यात पंधरा-वीस जणांबरोबर पाळीपाळीने झोपणारा कोकणातला चाकरमानी कधी त्या जागेला घर म्हणाला नाही. ‘खोली परळला, घर गावाला.’ खोलीला त्याने विचारलेले प्रश्न वेगळे होते: गिरणीपासून किती लांब, खानावळ जवळ आहे का, भाडे जाऊन मनीऑर्डरीला किती उरते.

शेन्झेनचा माणूस हेच प्रश्न विचारतो. कामावर चालत जाता आले पाहिजे, कारण बारा तासांच्या पाळीनंतर बसचा तास परवडत नाही. रात्री अकरालाही खाली गरम जेवण मिळाले पाहिजे. आपल्या प्रांताच्या माणसाची खानावळ असेल तर उत्तम. आणि पैसा उरला पाहिजे, कारण त्या पैशाचे घर तिकडे गावी उभे राहायचे आहे. चीनमधल्या कितीतरी खेड्यांत फरशा लावलेली दुमजली-तिमजली नवी घरे उभी आहेत. ती दक्षिणेच्या कारखान्यांतल्या पगारावर बांधलेली, आणि वर्षातले अकरा महिने त्यांत आजी, आजोबा आणि नातवंडे एवढीच असतात. चिनी नववर्षाला शेन्झेन ओस पडते आणि ती घरे भरतात. कामगाराच्या डोक्यात घर म्हणून जे आहे त्याचे क्षेत्रफळ काढायचे तर या दोन्ही जागांची बेरीज करावी लागेल. सर्वेक्षणाच्या कागदावर त्यातली एकच येते.

तुलना कशाशी होते तेही पाहावे लागते. १९८० आणि ९० च्या दशकांत बहुतेक जण, विशेषतः तरुण मुली, प्रथम कारखान्याच्या वसतिगृहात राहत. भरतीच्या जाहिरातीत ‘जेवण-राहणे धरून’ असे लिहिलेले असे. एका खोलीत आठ ते बारा जणी, दुमजली लोखंडी खाटा, पडदा लावला तर तेवढाच आडोसा. पुन न्गाय या समाजशास्त्रज्ञ बाई १९९५-९६ मध्ये शेन्झेनच्या एका इलेक्ट्रॉनिक कारखान्यात स्वतः कामगार म्हणून राहिल्या. वसतिगृह ही कारखान्याच्या दिवसाचीच लांबण असते, हे त्यांच्या लिखाणातून नीट कळते: झोप, अंघोळ, बाहेर जाणे, सगळे मालकाच्या घड्याळावर. नोव्हेंबर १९९३ मध्ये शेन्झेनमधल्या झिली खेळण्यांच्या कारखान्याला आग लागून ८७ जण गेले. खिडक्यांना गज होते आणि दारे बंद होती. मेलेल्या मुलींना आलेली सत्तराहून जास्त पत्रे नंतर अभ्यासकांच्या हाती आली. त्यांत मुख्य विषय पगाराचा. किती मिळतो, वेळेवर मिळतो का, दुसरीकडे कुठे भरती चालू आहे. घर सोडून आलेल्या विशीतल्या मुलींच्या पत्रांत हिशेबच जास्त असावा, याचे नवल वाटायचे कारण नाही.

म्हणून वसतिगृहातून निघून गावातली अंधारी खोली घेणाऱ्याला ती वर चढल्यासारखी वाटते. दाराला आतून कडी आहे. नवराबायको वेगवेगळ्या कारखान्यांत असले तरी एकत्र राहू शकतात. काम सोडले तर त्याच रात्री खाट सुटत नाही. २०१० मध्ये लोंगह्वा भागातल्या फॉक्सकॉनमध्ये तरुण कामगारांच्या आत्महत्यांची मालिका झाली आणि कंपनीने वसतिगृहांच्या इमारतींभोवती जाळ्या लावल्या, त्यावर जगभर लिहिले गेले. तेव्हाच्या पाहण्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली: खोलीतले सोबती वेगवेगळ्या पाळ्यांचे आणि प्रांतांचे, एकमेकांची नावेही माहीत नसलेले. जाळीच्या आतली ती वसतिगृहे गावातल्या खोल्यांपेक्षा स्वच्छ आणि मोकळी होती. एवढे मापात बसले असते. न बसणारे ते बसले नाही.

परवान्याचा काळ ज्यांनी पाहिला त्यांच्या लेखी खोलीचा आणखी एक गुण होता. ओळखपत्र, तात्पुरत्या निवासाचा परवाना आणि कामाचा दाखला, या तिन्हींशिवाय सापडलेल्या माणसाला पोलीस पकडून गावी परत पाठवू शकत. रात्रीबेरात्री दारे ठोठावून तपासणी होई. मार्च २००३ मध्ये शेजारच्या ग्वांगझौमध्ये सुन झिगांग नावाचा सत्तावीस वर्षांचा कलाकार-आरेखक परवाना जवळ नाही म्हणून पकडला गेला आणि कोठडीतल्या मारहाणीत मेला. देशभर एवढा संताप उसळला की त्याच वर्षी पकडून पाठवण्याची ती व्यवस्थाच रद्द झाली. त्याआधीच्या वीस वर्षांत ‘चांगली खोली’ या शब्दांत तपासणीची आगाऊ खबर देणारा मालक आणि गल्लीतून निसटायची वाट हेही येत होते. नगररचनाकाराला त्याच अरुंद गल्ल्यांत फक्त धोका दिसत होता. धोका होताच, पण गल्लीची ही दुसरी बाजू त्याच्या नकाशावर नव्हती.

सीमेमुळे या सगळ्याला एक गमतीदार मुरड पडते. नदीपलीकडच्या हाँगकाँगमध्ये दोन लाखांवर लोक एका घराचे चार-पाच तुकडे करून भाड्याने दिलेल्या खोपटांत राहतात. तिथला एखादा कामगार किंवा निवृत्त ड्रायव्हर सीमेलगतच्या ह्वांगगांग गावात खोली घेतो तेव्हा त्याला ती ऐसपैस वाटते, भाडे थोडे वाटते. त्याच जिन्यावर सिच्वानच्या डोंगरातून आलेल्या जोडप्याला तशीच खोली कोंदट आणि महाग वाटते. तिसऱ्या दारातल्या पदवीधर मुलाला ती दोन वर्षांची पायरी वाटते, मेट्रोपलीकडच्या मनोऱ्यात जाण्याआधीची. खोली एकाच मापाची, पण कोण कुठून आला आणि किती काळासाठी आला यावर तिचे मोल ठरते.

यातला ‘किती काळासाठी’ हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पंचविशीत ठाण्यात मी सहा वर्षे भाड्याने राहिलो. करार अकरा महिन्यांचा, दर वेळी नवा. सहा वर्षांत मी भिंतीत एक खिळा ठोकला नाही. मालकाने मनाई केली होती म्हणून नव्हे. आता सोडायचीच आहे, असे दर वर्षी वाटे म्हणून. कॅलेंडर खिडकीच्या कडीला अडकवलेले असायचे. तात्पुरता हा शिक्का बसला की माणूस स्वतःच जागेकडे तसे पाहू लागतो. शेन्झेनमध्ये तो शिक्का सरकारने मारलेला आणि तो आयुष्यभराचा. चिनी भाषेत घर रिकामे करायला नकार देणाऱ्याला ‘खिळा’च म्हणतात. २००७ मध्ये त्साय्वूवेई गावात एका कुटुंबाने असा नकार दिला, चहूबाजूंची घरे पाडली गेली तरी ते हलले नाही, आणि शेवटी मोठी भरपाई घेऊन उठले. आज तिथे ४४२ मीटर उंचीचा मनोरा आहे. पण खिळा होण्याची सोय मालकाला आहे. त्याच्या इमारतीत दहा वर्षे राहिलेल्या भाडेकरूला बिगारी कामगाराच्या हातगाडीखेरीज काही मिळत नाही, तीही स्वखर्चाने.

मुले आली की जुनी मोजपट्टी मोडते. नवराबायको दोघेच असतात तोवर खोलीत झोपायला जागा असली की पुरे. मूल गावी आजीकडे ठेवले तर तेच गणित चालू राहते, आणि कोट्यवधींनी तसे केलेही. पण ज्यांनी मूल जवळ ठेवायचे ठरवले त्यांना एका रात्रीत खोलीला घराचे प्रश्न विचारावे लागले. मूल अभ्यास कुठे करील? खिडकीत ऊन येते का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न कागदाचा. शेन्झेनच्या शाळेत परगावच्या मुलाला प्रवेश गुणांकनाने मिळतो. आईवडिलांचा निवासाचा परवाना, विम्याची वर्षे आणि नोंदलेला भाडेकरार यांचे गुण. शेतकऱ्यांच्या घरांपैकी कितीतरी मुळातच बेकायदा बांधलेली, त्यांचा करार नोंदवून घेणे अवघड. तोवर जी खोली स्वस्त म्हणून चांगली होती ती आता कागद देत नाही म्हणून वाईट ठरली. खोलीत काहीच बदल झाला नव्हता.

सरकारी धोरणही या काळात बदलत होते. २००८ च्या ऑगस्टमध्ये शेन्झेनने परवान्याच्या नावातला तात्पुरता शब्द काढून टाकला आणि नुसता ‘निवास परवाना’ केला. ‘आलात की शेन्झेनकर झालात’ अशी घोषणा शहरभर लागली. तिच्यात थट्टा नाही, अनेकांना ती खरोखर आवडते. गावांकडेही नव्या नजरेने पाहणे सुरू झाले. २०१७ मध्ये नान्तौ या जुन्या गावात शहर-वास्तुकलेचे द्वैवार्षिक प्रदर्शन भरले. त्याच सुमारास फुतियन भागातल्या श्वेईवेई गावातल्या २९ इमारती सरकारने भाड्याने घेऊन त्यांच्या ५०४ नीटनेटक्या सदनिका केल्या; रंगीत, लिफ्ट आणि गच्चीवर बागा असलेल्या. पाहायला सुंदर आहेत. त्या दिल्या जातात त्या ‘गुणवंत’ म्हणून निवडलेल्या सुशिक्षित नोकरदारांना. आधी तिथे राहणारा भाजीवाला त्या यादीत बसत नाही.

नूतनीकरणाविषयी भाडेकरूंना काय वाटते याचा एक उघड पुरावा २०१८ च्या जूनमध्ये मिळाला. लोंगह्वामधल्या छिंगहू गावात एका मोठ्या बांधकाम कंपनीने इमारती घेऊन सुधारायला सुरुवात केली, तेव्हा जवळच्या कारखान्यातल्या कामगारांनी उघड पत्र लिहिले. सुधारलेली खोली आम्हाला परवडणार नाही, भाडे वाढले की आम्हाला लांब फेकले जावे लागेल, असा त्याचा आशय. रंग, लिफ्ट, वायफाय या गोष्टी त्यांच्या मोजपट्टीवर नव्हत्याच.

दुसरा पुरावा बाय्शीझौचा. पाच लहान गावांचा हा पुंजका एका मोठ्या मनोरंजन उद्यानाच्या शेजारी, मेट्रो स्टेशनाला लागून. अर्ध्या चौरस किलोमीटरहून थोड्या जास्त जागेत दोन हजारांवर इमारती आणि एक लाखाहून जास्त माणसे, त्यांत मूळ गावकरी मूठभर. शेन्झेनला आले की पहिली खोली बाय्शीझौला, असे म्हटले जाई. २०१९ च्या उन्हाळ्यात तिथे पाडकामाआधी जागा रिकामी करण्याच्या नोटिसा लागल्या. गावकऱ्यांना भरपाईत नव्या सदनिका मिळणार होत्या, काही रातोरात कोट्यधीश होणार होते. भाडेकरूंना काही आठवड्यांची मुदत. आणि तेव्हा ही तात्पुरती, मुकाट निघून जाणारी समजली गेलेली माणसे सरकारी कचेरीच्या दारात जमली. भरपाईसाठी जमली नाहीत. हजारो मुले जवळच्या शाळांत शिकत होती; वर्षाच्या मध्यात आम्ही लांब गेलो तर त्यांच्या शाळेचे काय, निदान मुदत वाढवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

ज्यांनी वर्षानुवर्षे जागेविषयी ‘ठीक आहे’ एवढेच सांगितले होते, त्यांनी ती जाणार म्हटल्यावर शाळा, वाण्याची उधारी, मूल सांभाळणारी शेजारीण, पहाटेच्या बसचा थांबा हे सगळे मोजून दाखवले. असे सगळे मोजायला लावणारा रकाना सर्वेक्षणाच्या कागदावर नसतो. त्यामुळे पाडकामाच्या हिशेबात ते कधी आले नाही. त्याच वर्षी शहराने नवा आराखडा काढून गावांच्या निम्म्याहून अधिक निवासी क्षेत्रात सरसकट पाडकाम न करता दुरुस्ती करण्याचे ठरवले. या गावांवाचून शहरात काम करायला माणूस उरणार नाही, हे प्रशासनाला कळले होते. पण बाय्शीझौ त्या बाजूला आले नाही.

फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये करोनाची लाट हाँगकाँगमधून नदी ओलांडून आली तेव्हा सीमेलगतची शाझ्वेई, शावेई, श्याशा ही गावे बंद केली गेली. निळ्या पत्र्यांच्या कुंपणाआड माणसे आपापल्या खोल्यांत कोंडली गेली. जी खोली फक्त झोपायची म्हणून घेतली होती, जिचा संसार खालच्या गल्लीत, खानावळीत, कामाच्या जागी पसरलेला होता, तिच्यात आता चोवीस तास काढायचे होते. ज्यांच्या खोलीत ओटाही नव्हता त्यांना डब्याची वाट पाहावी लागली. समोरची खिडकी हाताच्या अंतरावर. रोज रात्री उशिरा येऊन सकाळी जाताना ज्याचे तोंड कधी दिसले नव्हते, तो शेजारी आता दिवसभर समोर होता.